पार्ट आत्ता कुठे आहे?

लांबच्या वाटेवर गाडी बंद पडली की आपला पहिला प्रश्न असतो, "कधी होईल?" आणि गॅरेजमधून उत्तर येतं, "उद्या होईल." या उत्तराच्या भरवशावर आपण लॉजची खोली घेतो, गावी फोन करून "उद्या पोहोचतो" असं सांगतो आणि समोर लागलेली एसटी सोडून देतो. गणपतीला कुडाळजवळच्या सासरच्या गावी निघालेलो असताना चिपळूणमध्ये असाच एक ‘उद्या’ आमच्या वाट्याला आला, आणि गौरी येऊन गेल्या तरी तो उगवला नव्हता. गाडीचा बिघाड तसा साधा होता. सण हातचा गेला तो गाडीसोबत थांबून राहिल्यामुळे. त्या दिवसांत आणि नंतर वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये बसून जे कळलं, ते दरवर्षी या रस्त्याने जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

आम्ही पहाटे ठाण्याहून निघालो होतो. नवरा गणपतीच्या वरची माटवी बांधायला आणि घर आवरायला आधीच रेल्वेने गेला होता. गाडीत मी, सासूबाई आणि मुलगी. पेण ते माणगाव गाड्यांची रांग हलता हलत नव्हती. गर्दीत तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी चालली की इंजिनाला वारा मिळत नाही आणि सगळा भार रेडिएटरच्या पंख्यावर आणि कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपावर येतो. कशेडीचा बोगदा ओलांडून खेडचा भरणे नाका मागे टाकला आणि एसी अचानक गार हवा देईनासा झाला. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिन तापायला लागलं की संगणक आधी एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, त्यामुळे हा पहिला इशारा असतो. पाठोपाठ तापमानाचा काटा वर चढला, गोडसर वास आला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. गाडी तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं. परशुराम घाट समोर होता.

हा एक नियम कोणी कधीही मोडू नये. काटा लाल रेषेकडे गेला की "चिपळूण पाच-दहा किलोमीटरवर तर आहे" असं म्हणत गाडी रेटायची नाही. तापलेल्या इंजिनाचं हेड वाकतं, हेड गॅस्केट उडतं, कूलंट ऑइलमध्ये मिसळतं, आणि पंपाच्या कामाचं रूपांतर अख्खं इंजिन उघडण्यात होतं. मग हेड मशिनिंगला पाठवावं लागतं आणि ती सोय प्रत्येक तालुक्यात नसते. गाडी थांबवल्यावर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं. माणसांना आधी गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब, रेलिंगच्या पलीकडे बसवा. पावसात आणि धुक्यात कडेला उभ्या गाडीला मागून ठोकर बसण्याचा धोका मोठा असतो. तिकोनी रिफ्लेक्टर चांगला लांब, वळणाच्या अलीकडे ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. अपघात किंवा जिवाला धोका असेल तर ११२.

विम्यासोबत घेतलेल्या रोडसाइड असिस्टन्सची टो व्हॅन गर्दीतून वाट काढत बऱ्याच उशिराने आली आणि गाडी चिपळूणच्या एका अधिकृत वर्कशॉपमध्ये पोहोचली. फोरमनने लिफ्टवर घेऊन पाहिलं. वॉटर पंप गळत होता. आमच्या इंजिनात हा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, त्यामुळे पंप काढायचा तर बेल्टही काढावा लागतो, आणि कूलंटने भिजलेला बेल्ट परत चढवणं धोक्याचं. असा बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर वाल्व पिस्टनवर आपटतात. म्हणून पंप, बेल्ट, टेन्शनर असा सगळा संच एकदम बदलायचा ठरला. निदान अचूक होतं, खर्चाचा अंदाज रास्त होता. "पार्ट स्टॉकला नाही, पण ऑर्डर टाकली आहे. उद्या दुपारी गाडी देतो," फोरमन म्हणाले. हे हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी.

गावी फोन केला तेव्हा थोरले दीर एवढंच म्हणाले, "गाडी ऱ्हवांदे थंयसर, माणसां येवा आधी." घाटावर वाढलेल्या मला तेव्हा ते घाईचं वाटलं. एका रात्रीचा तर प्रश्न, सामान एवढं, सासूबाईंचे गुडघे दुखरे. आम्ही लॉज शोधला. सणाच्या तोंडावर चिपळुणात खोली मिळणंही कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की पार्सल कोल्हापूरहून निघालं आहे. संध्याकाळी कळलं की ते उद्या सकाळच्या गाडीला चढेल. रात्री फोरमनचा फोन लागेना. चतुर्थीच्या पहाटे नवऱ्याने कणकवलीहून ओळखीची जीप पाठवली आणि आम्ही गावी पोहोचलो तेव्हा पूजा होऊन गेली होती, आरती होऊन गेली होती, पानं उठत होती. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून सासूबाईंनी गणपतीची प्रतिष्ठापना कधी चुकवली नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत. गणपतीसमोर बसून राहिल्या. दुरुस्तीच्या बिलात या गोष्टीची नोंद कुठेच नसते, पण उशिराची खरी किंमत हीच असते.

गाडी तिकडेच राहिली. सुटी संपून दुकानं उघडल्यावर पार्सल आलं, तर पंप दुसऱ्याच प्रकारचा निघाला. त्याच नावाच्या, त्याच वर्षाच्या गाडीत दोन वेगळी इंजिनं येत होती आणि ऑर्डर गाडीचं मॉडेल सांगून टाकली गेली होती. पुन्हा ऑर्डर, पुन्हा घाट उतरून येणारी बस, पुन्हा वाट. या वेळी मी तिथल्या स्टोअर सांभाळणाऱ्या गृहस्थांसमोर जाऊन बसले आणि पार्ट येतो कसा ते समजून घेतलं. त्यांनी मनापासून सांगितलं. माझ्या मते या लेखातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

‘ऑर्डर टाकली’ या शब्दांमागे निदान तीन वेगळ्या अवस्था असू शकतात. एक, फोरमनने स्टोअरला सांगितलं आहे, पण स्टोअरने अजून कुणाला कळवलेलं नाही. दोन, स्टोअरने मुख्य डीलरकडे किंवा वितरकाकडे मागणी नोंदवली आहे, पण तिथे माल आहे की कंपनीच्या गोदामातून यायचा आहे हे ठरलेलं नाही. तीन, माल समोर आहे, त्याचं बिल झालं आहे आणि तो पार्सलला निघाला आहे. ग्राहकाला तिन्ही वेळा एकच वाक्य ऐकू येतं. पहिल्या अवस्थेतली गाडी उद्या मिळणं शक्यच नसतं. दुसऱ्या अवस्थेत आठवडाही लागू शकतो. तिसरीत ‘उद्या’ या शब्दाला अर्थ असतो, तोही पार्सल उतरवून घ्यायला कोणी जाणार असेल तर.

म्हणून गाडी कधी होईल हे विचारण्याऐवजी पार्ट आत्ता कुठे आहे ते विचारा. पार्ट नंबर काय आहे? तो चॅसिस नंबर टाकून काढला आहे का? चॅसिस नंबर आरसीवर असतो. त्याचा फोटो स्वतः स्टोअरला पाठवा, म्हणजे चुकीचा पार्ट येण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. माल कोणत्या शहरात, कोणाच्या कपाटात आहे? बिल झालं का? झालं असेल तर बिलाचा फोटो मागा. पार्सल कशाने येतंय, एसटीने की खासगी बसने की कुरिअरने? पावतीचा नंबर काय? गाडी स्टँडवर किती वाजता येते आणि पार्सल आणायला कोण जाणार? हे प्रश्न शांतपणे, नम्रपणे विचारता येतात. ज्यांनी खरोखर काम केलेलं असतं ते लगेच उत्तर देतात. उत्तर देताना समोरचा माणूस चाचरला, की माल निघालेला नाही असं समजून पुढचा बेत करावा.

आणखी एक प्रश्न मला कधी सुचला नसता, तो त्या गृहस्थांनीच सुचवला. "बसवणार कोण, ते विचारा." गणपतीत वर्कशॉपची पाटी ‘चालू’ असते, पण फिटर मुलं आपापल्या वाडीत गेलेली असतात. टायमिंगचं काम हाताखालच्या पोराकडून करून घेण्यासारखं नसतं. पार्ट आला आणि मिस्त्री रजेवर, अशा अवस्थेत कितीतरी गाड्या उभ्या असतात. होळीला, म्हणजे शिमग्याला, कोकणात हेच होतं. दिवाळीत घाटावर आणि विदर्भातही हेच. सणाच्या आधीचा दिवस, सण आणि त्याला जोडून येणारा रविवार असे दिवस धरूनच हिशेब करावा. कोकणात बहुतेक माल घाट उतरून किंवा मुंबईकडून येतो. पावसात दरड कोसळून कुंभार्ली किंवा आंबा घाट बंद झाला तर पार्सलही वरच अडकतं. शिवाय गणपतीत बस माणसांनीच गच्च असतात, पार्सलला जागा उरत नाही.

आता माणसांचं. प्रवास आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती पहिल्या तासाभरातच वेगळी करावीत. गाडी वर्कशॉपच्या ताब्यात गेली की, दुरुस्ती तासाभरात संपणारी नसेल तर, ती आज मिळणारच नाही असं धरून माणसांची पुढची सोय लावायची. गाडी लवकर झाली तर एक माणूस येऊन घेऊन जाईल. झाली नाही तर कोणाचं काही अडत नाही. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ ही कोकण रेल्वेची महत्त्वाची स्थानकं आहेत. आरक्षण मिळत नसेल तरी दिवा–सावंतवाडीसारख्या गाडीत अनारक्षित प्रवास होतो, गर्दी मात्र सोसावी लागते. गणपतीत एसटीही जादा गाड्या सोडते. म्हातारं माणूस बरोबर असेल तर टॅक्सीचा खर्च करावा. लॉजच्या दोन रात्री आणि जेवणं यांची बेरीज केली तर तो फारसा जास्त ठरत नाही.

कोणता बिघाड तासाभराचा आणि कोणता दिवसांचा, याचा ढोबळ अंदाज असलेला बरा. पंक्चर, बॅटरी, फॅन बेल्ट, फ्यूज, फाटलेला पाण्याचा पाइप ही बहुधा त्याच दिवशी होणारी कामं. क्लच सेट, वॉटर पंप, टर्बो, इंजेक्टर, अल्टरनेटर, गिअरबॉक्स यांपैकी काही असेल तर मुक्कामाची बॅग उचला आणि निघा. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, सेन्सर आणि धूर गाळणारे फिल्टर इतके आहेत की स्कॅनर जोडल्याशिवाय बिघाड कळतच नाही. नाक्यावरचा जुना मिस्त्री कितीही जाणता असला तरी तिथे त्याचे हात बांधलेले असतात. ऑटोमॅटिक गाडी असेल तर दोरी बांधून टोचन करू देऊ नका, फ्लॅटबेडच मागवा. चालणाऱ्या चाकांवर ओढून नेताना गिअरबॉक्स खराब होऊ शकतो.

औषधांची पिशवी गाडीत कधीही सोडायची नाही. सासूबाई इन्सुलिन घेतात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि वापरात असलेलं पेन बाहेर चाललं तरी उन्हात बंद उभ्या गाडीत ते पाहता पाहता निकामी होतं. आम्ही लॉजच्या मालकांना विनंती केली आणि त्यांनी स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये जागा करून दिली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण प्रत्येक ठिकाणी असं कोणी भेटेलच असं नाही. थर्मासमध्ये किंवा थंड पिशवीत औषध, दोन दिवस पुरेल इतका डोस, डॉक्टरांची चिठ्ठी, कपड्यांचा एक जोड आणि चार्जर हे सगळं एका खांद्यावरच्या पिशवीत असावं, म्हणजे गाडीचं सगळं सामान न उपसता माणूस बसमध्ये चढू शकतो.

विम्याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. नेहमीच्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि झीज धरलेली नसते. पंप झिजून गेला, क्लच जळला, तर खर्च आपलाच. झीरो डेप्रिसिएशन घेतलं असलं तरी तेच, कारण ते अपघातात बदललेल्या पार्टच्या किमतीतली घसाऱ्याची कपात वाचवतं. पावसात पाणी साचलेल्या रस्त्यावर इंजिनात पाणी शिरून ते बसलं, तर त्यासाठी इंजिन प्रोटेक्टसारखं वेगळं कलम घ्यावं लागतं. रोडसाइड असिस्टन्सचं कलम निघण्याआधी एकदा वाचा. किती किलोमीटरपर्यंत टोइंग फुकट आहे, वर्षातून किती वेळा, आणि गाडी जवळच्या वर्कशॉपला नेतात की आपण म्हणू तिथे, हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पार्ट दूरच्या शहरात असेल तर कधी कधी पार्टची वाट पाहण्यापेक्षा गाडीच फ्लॅटबेडवर चढवून त्या शहरात नेणं लवकर होतं. आमच्या बाबतीत, चुकीचा पंप आल्याचं कळलं त्याच दिवशी गाडी कोल्हापूरला हलवता आली असती. पण तोवर बेल्ट आणि पंप उतरवलेले होते, आणि उघडलेलं इंजिन दुसरं वर्कशॉप सहसा हातात घेत नाही. यातून घ्यायचं ते असं की पार्ट हातात आल्याशिवाय गाडी उघडू देऊ नये. निदानासाठी लागेल तेवढं उघडावं, पुढचं नाही. हे तोंडी सांगून चालत नाही, जॉब कार्डवर लिहून घ्यावं.

जॉब कार्ड हा गाडी सोडून जाताना आपल्या हातातला एकमेव आधार असतो. त्यावर किलोमीटरचा आकडा, इंधनाची पातळी, गाडीत राहिलेल्या वस्तू, आपण सांगितलेली तक्रार, खर्चाचा अंदाज आणि गाडी देण्याची तारीख असावी. तारीख बदलली की नवी तारीख कारणासकट व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. अंदाजापेक्षा जास्त खर्च निघाला तर आधी विचारल्याशिवाय काम करू नये, हेही लिहा. मी दुसऱ्या ऑर्डरपासून हे सगळं लेखी मागायला लागले आणि वागण्यात फरक पडलेला जाणवला. चुकीच्या पार्टमुळे झालेल्या जादा मजुरीचा प्रश्न निघाला तेव्हा संदेश समोर होते. मजुरी एकदाच लावली गेली, वाद झाला नाही.

वाद झालाच तर मार्ग आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली त्रुटी तक्रारीस पात्र आहे, आणि बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे नोंद केल्यावर पुष्कळ तक्रारी आयोगापर्यंत न जाताच मिटतात. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ती स्वतः, वकिलाशिवाय करता येते. तरीही मला मनापासून वाटतं की हा रस्ता शेवटचा असावा. छोट्या गावातल्या वर्कशॉपची माणसंही कंपनीच्या गोदामाकडे, बसच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून बसलेली असतात. त्यांच्यावर ओरडून पार्ट लवकर येत नाही. त्यांनी आपल्याला खरं सांगावं एवढीच मागणी धरावी, आणि ती मात्र सोडू नये.

निघण्याआधीची तपासणी सणाच्या आदल्या दिवशी करण्यात अर्थ नाही. दोन-तीन आठवडे आधी करा, म्हणजे काही निघालं तर पार्ट यायला वेळ राहतो. गाडी जुनी असेल तर टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप किती किलोमीटरला बदलायचा हे मॅन्युअलमध्ये पाहा. बेल्टला किलोमीटरइतकीच वर्षांचीही मर्यादा असते, ती लोक विसरतात. थंड इंजिनावर कूलंटची पातळी सलग काही दिवस पाहा. सारखी थोडी थोडी कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं होत असेल तर क्लच घाटात दगा देणार. स्टेपनीत हवा आणि जॅकचा दांडा जागेवर आहे ना, हेही बघून ठेवा.

गाडी घ्यायला मी आणि नवरा नंतर रेल्वेने चिपळूणला गेलो. ताब्यात घेताना काढलेले जुने पार्ट मागून घ्या आणि नव्या पार्टच्या रिकाम्या खोक्यावरचा नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून पाहा. पार्टची आणि मजुरीची वॉरंटी किती महिन्यांची, ते बिलावर छापलेलं नसेल तर हाताने लिहून सही घ्या. गाडी लगेच लांबच्या वाटेला लावू नका. वर्कशॉपच्या माणसाला शेजारी बसवून थोडा चढ असलेल्या रस्त्यावर एसी लावून फिरवून आणा आणि काटा मध्यावर स्थिर राहतो का पाहा. कूलंट भरताना हवा अडकून राहिली असेल तर ती अशा फेरीत कळते. मुक्काम शक्य असेल तर त्याच गावात रात्र काढा, सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा, गाडीखाली ओल आहे का ते बघा, आणि मगच निघा.